उन्हातले वाहन आणि त्यात ठेवलेली रसायने



पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. 1885 च्या सुमारास आलेल्या नीरा डाव्या कालव्याने आणि पुढे भीमेवरील उजनी धरणाने या भागाच्या शेतीचे रूप पालटले. ऊस, द्राक्षे आणि डाळिंबे यांच्या जोडीने सहकारी साखर कारखाने आणि औद्योगिक वसाहत उभी राहिली. जेथे गावात एखादीच जीप दिसत असे, तेथे आज घरोघरी दुचाकी, मोटार किंवा ट्रॅक्टर उभा असतो. पाणी आले, समृद्धी आली. ऊन मात्र होते तेथेच आहे. एप्रिल-मे महिन्यांत या परिसरात पारा 40 अंश सेल्सिअसच्या आसपास जातो आणि काही दिवशी तो त्याहूनही वर चढतो.

वाहन आले की त्याची निगा आली. काच पुसण्याचे द्रव, गाडी धुण्याचा शाम्पू, डॅशबोर्ड आणि चाके चकाकविण्याचे पॉलिश, सुवासाचा फवारा ही सामग्री आता सर्वत्र मिळते. 2020 च्या साथीनंतर निर्जंतुकीकरणाच्या द्रवाची बाटलीही त्यात आली. हाताशी असावे म्हणून हे सारे डिकीत, आसनाखाली किंवा दाराच्या कप्प्यात ठेवण्याची सवय पडली आहे. ही सवय वरवर निरुपद्रवी वाटते. तिच्यात कोणता धोका दडलेला आहे, हे समजून घेणे आवश्यक आहे.

बंद वाहन म्हणजे भट्टी

सूर्यप्रकाश काचेतून सहज आत येतो आणि आसने, डॅशबोर्ड तापवतो. ही तापलेली उष्णता मात्र काचेतून तितक्या सहजपणे बाहेर पडत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात केलेली एक पाहणी 2005 साली प्रसिद्ध झाली. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीतील तापमान तासाभरात सरासरी 22 अंश सेल्सिअसने वाढते आणि त्यातील बहुतांश वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते, असे तीत दिसून आले. काच किंचित खाली ठेवल्यानेही फारसा फरक पडला नाही. या हिशेबाने, इंदापूरच्या बाजारपेठेत भर दुपारी उभ्या राहिलेल्या मोटारीच्या आत तापमान 60 अंशांच्या घरात जाऊ शकते. डॅशबोर्डचा पृष्ठभाग तर त्याहूनही अधिक तापतो.

फवाऱ्याच्या डब्यांवर सामान्यतः एक सूचना बारीक अक्षरांत छापलेली असते : 50 अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापमानात ठेवू नये, उन्हापासून दूर ठेवावे. अशा अनेक डब्यांत द्रव बाहेर ढकलण्यासाठी ब्युटेन व प्रोपेन हे वायू दाबाखाली भरलेले असतात. घरगुती सिलिंडरमध्येही हेच वायू असतात. शुद्ध ब्युटेनचा बाष्पदाब 20 अंशांना वातावरणाच्या सुमारे दुप्पट, तर 50 अंशांना सुमारे पाचपट होतो. अशा स्थितीत डबा फुगतो, त्याचा सांधा सुटतो आणि प्रसंगी तो फुटतो. सिगारेट पेटविण्याच्या वायूच्या लायटरलाही हीच गोष्ट लागू आहे.

डबा फुटला नाही, तरी तो गळू शकतो. हे वायू हवेपेक्षा जड असल्याने वाहनाच्या तळाशी साचतात, आणि मग एक ठिणगी पुरेशी होते. डिसेंबर 2019 मध्ये इंग्लंडमधील हॅलिफॅक्स या गावी एका चालकाने बंद मोटारीत सुवासाचा फवारा मारला आणि लगेच सिगारेट पेटविली. झालेल्या स्फोटात मोटारीच्या काचा उडून गेल्या. चालक थोडक्यात बचावला. ही घटना थंड प्रदेशातील आणि ऐन हिवाळ्यातील आहे, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

द्रवांचे स्वभाव

एखादा द्रव ज्या किमान तापमानाला पेट घेण्याइतकी वाफ सोडतो, त्यास त्याचा ज्वलनांक म्हणतात. पेट्रोलचा ज्वलनांक शून्याखाली 40 अंशांच्याही खाली आहे. निर्जंतुकीकरणासाठी आणि काच पुसण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा तो सुमारे 12 अंश आहे, तर रॉकेलचा 38 अंशांच्या आसपास किंवा अधिक. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात, साध्या सावलीतसुद्धा, हे द्रव पेट घेण्याइतकी वाफ सोडू शकतात. डाग काढण्यासाठी बाटलीत भरून ठेवलेले पेट्रोल किंवा थिनर हे तर सर्वांत घातक होय.

धुण्याच्या शाम्पूला आगीचे भय नाही. परंतु उष्णतेने शाम्पू आणि पॉलिश यांतील घटक विलग होतात व त्यांचा गुण कमी होतो. ब्लिचिंगच्या द्रवाची शक्तीही उष्णतेने लवकर ओसरते. हाच द्रव शौचालय धुण्याच्या आम्लाशेजारी ठेवला आणि दोन्ही बाटल्या गळून एकत्र आल्या, तर क्लोरीन हा विषारी वायू निर्माण होतो. बंद वाहनात तो प्राणावर बेतू शकतो. बाजारातून येताना अशा बाटल्या एकाच पिशवीत टाकणे म्हणूनच टाळले पाहिजे.

पाण्याची बाटली आणि विष

आगीहून अधिक वेळा घडू शकणारा, पण कमी बोलला जाणारा धोका विषबाधेचा आहे. मोठ्या कॅनमधील द्रव पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढून घेतला जातो आणि ती बाटली चालकाशेजारी पडून राहते. तहानलेले मूल तिच्यावरचे लेबल वाचत नाही. तिचा आकार ओळखते. बिहारमधील सारण जिल्ह्यात जुलै 2013 मध्ये शालेय भोजनातून विषबाधा होऊन 23 बालकांचा बळी गेला. स्वयंपाकाच्या तेलात कीटकनाशक मिसळले गेले होते आणि ते तेल कीटकनाशकाच्या भांड्यात ठेवले गेले असावे, असे चौकशीत पुढे आले. भांडे बदलले की वस्तूची ओळख पुसली जाते, हा त्या शोकांतिकेचा धडा आहे.

द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात फवारणीची औषधे आणि घरचा किराणा एकाच वाहनातून येतात. कीटकनाशके अन्नपदार्थांच्या किंवा पशुखाद्याच्या संपर्कात येतील अशा रीतीने नेऊ वा साठवू नयेत, असे कीटकनाशक नियम, 1971 सांगतात. रेल्वेच्या डब्यात ज्वलनशील वस्तू नेणे रेल्वे अधिनियम, 1989 अन्वये दंडनीय आहे. स्वतःच्या मोटारीत मात्र दर वेळी तपासणारा कोणी नसतो. तेथे मालकाचा विवेक हाच पहारेकरी.

काय करावे

उपाय खर्चिक नाहीत. वाहनात कोरडे फडके, ब्रश आणि साध्या पाण्याची बाटली एवढेच असावे. बाकीची सामग्री घरी किंवा कार्यालयात, सावलीच्या व हवेशीर जागी, चुलीपासून दूर आणि मुलांच्या हाताला न लागेल अशी कुलपात ठेवावी. प्रत्येक द्रव मूळ बाटलीत, मूळ लेबलासह राहू द्यावा. खरेदी करून आणताना बाटल्या उभ्या, घट्ट बंद आणि अन्नापासून वेगळ्या ठेवाव्यात व घरी पोहोचताच उतरवून घ्याव्यात. बंद वाहनात उग्र वास आला तर प्रथम सर्व दारे उघडावीत. तोवर वाहन सुरू करू नये, काडी ओढू नये.

एखाद्याने असा द्रव गिळल्यास त्याला उलटी करावयास लावू नये. पेट्रोल-रॉकेलसारखे द्रव उलटीवाटे फुप्फुसात शिरून अधिक अपाय करतात. डोळ्यांत उडाल्यास किमान 15 मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धुवावेत. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि मूळ बाटली डॉक्टरांना दाखवावी.

शासकीय वाहनांच्या डिक्या प्रत्येक कार्यालयप्रमुखाने उन्हाळ्यापूर्वी एकदा तपासून घ्याव्यात. मुलांना ने-आण करणाऱ्या वाहनांची अशीच पाहणी मुख्याध्यापकांनी करावी आणि लेबल वाचण्याचा धडा वर्गात द्यावा. ग्रामपंचायतींनी हा विषय ग्रामसभेत मांडावा. रिकामे डबे व बाटल्या कालव्यात किंवा उजनीच्या जलाशयाकाठी पडणार नाहीत, याची व्यवस्था करावी. कारण तेच पाणी पुढे शेतात आणि घरात येते.

वाहन हे प्रवासाचे साधन आहे, कोठार नव्हे. डिकी रिकामी करावयास पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे येत्या रविवारी प्रत्येकाने काढावीत, एवढीच विनंती.