विनोदबिहारी मुखर्जी : दृष्टी गेल्यानंतरची तेवीस वर्षे



संकटात धीर धरावा आणि जे लाभले आहे त्याबद्दल कृतज्ञ असावे, हा उपदेश आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. तो करणे सोपे असते; परंतु ज्याच्यावर संकट कोसळले आहे त्याला तो बहुधा परक्या घरचा वाटतो. आपले शरीर आपल्याला दगा देऊ लागले म्हणजे धीर कोणत्या बळावर धरावयाचा आणि कृतज्ञता कोणाविषयी बाळगावयाची, असा प्रश्न त्याच्या मनात उभा राहतो, आणि हा प्रश्न अवाजवी म्हणता येत नाही. म्हणून या दोन गुणांची सर्वसाधारण चर्चा करण्याऐवजी एका विशिष्ट व्यक्तीचे आयुष्य समोर ठेवणे अधिक उपयुक्त होईल. ही व्यक्ती म्हणजे शांतिनिकेतनचे थोर चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी. जन्मतःच त्यांचा एक डोळा निकामी होता आणि दुसऱ्याची दृष्टी अतिशय अधू होती. वयाच्या ५३ व्या वर्षी तोही डोळा गेला. त्यानंतर ते २३ वर्षे जगले आणि त्या काळात ते चित्रकारच राहिले.

विनोदबिहारींचा जन्म ७ फेब्रुवारी १९०४ रोजी कलकत्त्यानजीकच्या बेहाला येथे झाला. घर सुशिक्षित होते, वाचनाची आवड घरात होती. परंतु मुलाच्या डोळ्यांमुळे त्याचे शालेय शिक्षण इतर मुलांप्रमाणे सुरळीत चालू शकले नाही. फळ्यावरील अक्षर ज्याला दिसत नाही अशा मुलाला वर्गात बसवून काय करावे, हा प्रश्न त्या काळच्या शाळांपुढे होता आणि आजही तो सर्वत्र सुटला आहे असे नाही. १९१७ साली त्याला रवींद्रनाथ टागोरांच्या शांतिनिकेतनातील आश्रमशाळेत पाठविण्यात आले. तेथे झाडांखाली वर्ग भरत. मुलाने काय शिकावे याबरोबरच त्याचा कल कोणीकडे आहे याचाही तेथे विचार होत असे. १९१९ साली विश्वभारतीचे कलाभवन सुरू झाले, तेव्हा आरंभीच्या विद्यार्थ्यांत विनोदबिहारींचा समावेश होता.

या प्रवेशाच्या वेळची एक हकिकत सांगितली जाते. कलाभवनाचे आचार्य नंदलाल बोस यांना या विद्यार्थ्याविषयी चिंता वाटत होती. ज्याला धड दिसत नाही त्याने चित्रकलेच्या मार्गाने जावे काय, उद्या त्याचे कसे होईल, अशी शंका त्यांनी रवींद्रनाथांपाशी व्यक्त केली. नंदलालांची ही शंका क्रूरपणाची नव्हती. ती एका जबाबदार शिक्षकाची होती. रवींद्रनाथांनी उलट विचारणा केली ती एवढीच की, मुलगा आपल्या जागी नियमितपणे बसून मन लावून काम करतो काय. तसे असेल तर त्याला त्याचे काम करू द्यावे, त्याच्या भवितव्याचा आराखडा इतरांनी आखू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. विनोदबिहारींच्या आयुष्यात धीराचा प्रवेश येथे होतो, आणि तो धीर प्रथम त्यांचा स्वतःचा नव्हता. तो त्यांच्या वडीलधाऱ्यांनी त्यांच्या बाबतीत दाखविलेला होता. आपण अपंग माणसाकडून धैर्याची अपेक्षा करतो, त्या वेळी त्याच्याविषयी धीर धरण्याचे आपले कर्तव्य मात्र बहुधा विसरतो.

१९२५ साली विनोदबिहारी कलाभवनातच अध्यापक झाले. शांतिनिकेतनाभोवतीचा बीरभूमचा प्रदेश त्यांच्या चित्रांचा विषय बनला. तांबडी माती, पावसाच्या पाण्याने कापून काढलेल्या घळी, ज्यांना तिकडे ‘खोआई’ म्हणतात, एकटे उभे असलेले ताडाचे झाड, संथाळांची वस्ती, म्हशी आणि तळी. देवदेवता आणि पुराणकथा यांच्याकडे वळलेल्या त्या काळच्या चित्रकलेत हा ओसाड मुलूख कोणी फारसा पाहिलेला नव्हता. १९३७-३८ मध्ये त्यांनी जपानचा प्रवास केला आणि तेथील शाईची चित्रे व लांबट गुंडाळीचित्रे जवळून अभ्यासली. गुंडाळीचित्र एका दृष्टिक्षेपात पाहावयाचे नसते. एका बाजूने उलगडत, दुसऱ्या बाजूने गुंडाळत, थोडे थोडे पाहावयाचे असते. ज्याला कोणतीही वस्तू डोळ्यांजवळ धरल्याशिवाय दिसत नाही, ज्याला जग तुकड्यातुकड्याने पाहून मनात जुळवावे लागते, अशा माणसाला हा प्रकार आपलासा वाटावा यात नवल नाही.

यानंतर त्यांनी शांतिनिकेतनाच्या भिंतींवर काम केले. १९४० साली कलाभवनाच्या वसतिगृहातील छतावर त्यांनी मध्ये तळे आणि सभोवार बीरभूमचे ग्रामजीवन असे चित्र रंगविले. त्या सुमारास तेथे शिकावयास आलेल्या सत्यजित राय या तरुण विद्यार्थ्याच्या मनावर या छताचा खोल ठसा उमटला. १९४२ साली चीनभवनातील भित्तिचित्र झाले. १९४६-४७ मध्ये हिंदीभवनात मध्ययुगीन संतांच्या जीवनावरील भव्य भित्तिचित्र पूर्ण झाले, आणि आधुनिक भारतीय कलेतील श्रेष्ठ कृतींत त्याची गणना होते.

हिंदीभवनातील कामाची पद्धत थोडी समजून घेणे आवश्यक आहे. भिंतीला चुन्याचा ओला गिलावा देतात आणि तो ओला असतानाच पाण्यात कालवलेले रंग लावतात. चुना हवेच्या संपर्काने घट्ट होत जातो आणि रंग भिंतीचाच भाग होऊन राहतो. गिलावा वाळण्यापूर्वी त्या भागाचे काम संपवावे लागते. चूक झाली तर तेवढा गिलावा खरवडून पुन्हा आरंभ करावा लागतो. हे काम विनोदबिहारींनी भिंतीएवढे मोठे आराखडे आधी तयार न करता, थेट भिंतीवर केले. के. जी. सुब्रह्मण्यन यांच्यासारखे विद्यार्थी त्यांच्या मदतीला होते. तीन भिंतींच्या वरच्या भागात पसरलेले हे चित्र एका अधू डोळ्याने भिंतीशी जवळ जाऊन रंगविणाऱ्या माणसाला पूर्ण दिसणे शक्यच नव्हते. ते त्याला मनात धरून ठेवावे लागत होते. या चित्रात रामानुज, कबीर, तुलसीदास यांच्याबरोबर सूरदासही आहेत. दृष्टिहीन संतकवीची आकृती रंगविणाऱ्या चित्रकारावर दहा वर्षांनी तीच अवस्था यावयाची होती.

१९४९ मध्ये विनोदबिहारींनी शांतिनिकेतन सोडले. काठमांडू येथील संग्रहालय, राजस्थानातील वनस्थली विद्यापीठ, मसुरी, पाटणा असा त्यांचा पुढील काळ गेला. १९४४ साली त्यांचा विवाह लीला मनसुखानी या शिल्पकार विद्यार्थिनीशी झाला होता. त्यांची कन्या मृणालिनी १९४९ साली मुंबईस जन्मली. १९५७ साली विनोदबिहारींच्या एकमेव उपयोगी डोळ्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करण्यात आली. ती यशस्वी झाली नाही. दिसत होते तेवढेही दिसेनासे झाले.

येथे क्षणभर थांबणे योग्य होईल. अशा चरित्रांत या प्रसंगानंतर लगेच विजयाची कथा सुरू करण्याचा मोह होतो, परंतु जे गेले ते किती मोठे होते हे आधी मान्य केले पाहिजे. बीरभूमची तांबडी माती आता दिसणार नव्हती. रंगांत रंग मिसळून पाहता येणार नव्हते. स्वतःच्या हातांनी रंगविलेल्या भिंती पुन्हा पाहता येणार नव्हत्या. कन्या तेव्हा अवघी आठ वर्षांची होती. ती पुढे दोराच्या गाठी मारून प्रचंड शिल्पे घडविणारी शिल्पकार म्हणून जगभर विख्यात झाली, पण तिचा वाढत जाणारा चेहरा पित्याला दिसला नाही. या हानीचा मोबदला पुढील कोणत्याही यशाने दिला असे म्हणणे खोटेपणाचे होईल. धीर म्हणजे दुःख नाकारणे नव्हे, ही गोष्ट या ठिकाणी लक्षात ठेवावी.

१९५८ मध्ये विनोदबिहारी शांतिनिकेतनास परत आले आणि कलाभवनात कलेचा इतिहास शिकवू लागले. अंध माणसाने चित्रांचा इतिहास शिकवावा ही कल्पना प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु ज्याने आयुष्यभर प्रत्येक चित्र जवळून, भागाभागाने पाहिले आणि मनात जुळविले, त्याच्या स्मरणात चित्रांचा केवढा साठा असेल! जन्मभर ज्या उणिवेशी झगडावे लागले, तिनेच ही सवय लावून ठेवली होती. अधू दृष्टीच्या काळात केलेला परिश्रम दृष्टी गेल्यावर असा उपयोगी पडला.

अध्यापनाबरोबर हातांचे कामही पुन्हा सुरू झाले. रंग आणि कुंचला आता दूर राहिले होते. म्हणून बोटांना कळेल असे साहित्य त्यांनी हाती घेतले. मेणाचे गोळे वळून त्यांनी लहान लहान मूर्ती घडविल्या. रंगीत कागद कापून, दुमडून आणि चिकटवून चित्रे केली. कागदाच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरविले की आकार समजतो. रंगविलेल्या रेषेच्या बाबतीत ती सोय नसते. त्यांनी रेखाटने केली आणि शिळाछापाची चित्रेही केली. १९७२ साली कलाभवनाच्या भिंतीवर रंगीत चिनीमातीच्या फरशांचे तुकडे बसवून त्यांनी एक मोठे भित्तिचित्र सिद्ध केले. कागदातून आकार सुचवावयाचे त्यांनी आणि ते भिंतीवर साकारावयाचे सहकाऱ्यांच्या मदतीने, अशा रीतीने हे काम झाले. त्याच वर्षी सत्यजित राय यांनी आपल्या या गुरूवर ‘द इनर आय’ हा सुमारे वीस मिनिटांचा अनुबोधपट काढला. या चित्रपटात करुणेची याचना कोठेही नाही; एक वृद्ध कारागीर आपले काम कसे करतो हे त्यात शांतपणे दाखविले आहे. अंधत्व ही आपणास एक नवी अनुभूती, जगण्याची एक नवी अवस्था वाटते, असा विनोदबिहारींचा अभिप्राय चित्रपटाच्या अखेरीस येतो. ही आनंदाची अवस्था आहे असे ते म्हणत नाहीत. ती नवी आहे, म्हणजेच तिचाही अभ्यास करता येईल, एवढेच त्यांना सुचवावयाचे असावे.

सन्मानही लाभले. १९७४ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. १९७७ साली विश्वभारतीने देशिकोत्तम ही पदवी दिली. १९७९ साली त्यांच्या आठवणींचे ‘चित्रकर’ हे बंगाली पुस्तक प्रसिद्ध झाले. ११ नोव्हेंबर १९८० रोजी त्यांचे निधन झाले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. विनोदबिहारींच्या उदाहरणावरून धीर या शब्दाचा काय अर्थ लागतो? काही तरी चमत्कार घडेल म्हणून वाट पाहत बसणे हा तो अर्थ निश्चित नव्हे. त्यांचा धीर रोजच्या कामात होता. कालपर्यंत एका क्षणात कळणारी गोष्ट आज बोटांनी चाचपून अर्ध्या तासात कळेल, तर तो अर्धा तास तिला द्यावयाचा. फसलेले काम पुन्हा करावयाचे. ओल्या गिलाव्यावर काम करणाऱ्या माणसाला खरवडून पुन्हा आरंभ करण्याची सवय असते. तीच सवय त्यांना अंधारात उपयोगी पडली.

आणि कृतज्ञता? आपले डोळे गेले याबद्दल कोणी आभार मानावेत अशी अपेक्षा करणे हा निष्ठुरपणा होय. कृतज्ञतेचा विषय वेगळा आहे. ज्याला दिसत नाही त्याला दिवसातून अनेक वेळा दुसऱ्याच्या हाताची गरज लागते. कोणी कागद आणून देतो, कोणी रंगाचे नाव सांगतो, कोणी लिहून घेतो, कोणी भिंतीपर्यंत नेतो. डोळस माणसालाही इतरांचे असेच साह्य होत असते, परंतु ते त्याच्या ध्यानात येत नाही. अंधत्वाने हे ऋण उघड होते. त्या ऋणाचा अपमान वाटून घ्यावयाचा की ते मोकळ्या मनाने स्वीकारावयाचे, एवढी निवड माणसाच्या हाती उरते. विनोदबिहारींनी साह्य स्वीकारले, आणि त्याची परतफेड शिकवून, लिहून व घडवून केली.

या कथेचा एक दुरुपयोग संभवतो, त्याविषयी सावध राहिले पाहिजे. दृष्टी गमावलेल्या प्रत्येक माणसापुढे विनोदबिहारींचे नाव घेऊन, त्यांनी केले मग तुला का जमू नये, असे विचारणे अन्यायाचे ठरेल. प्रत्येकापाशी सुमारे चाळीस वर्षांची साधना नसते, आणि परत बोलावून घेणारे कलाभवनही नसते. मोतीबिंदूच्या उपचारात आज फार सुधारणा झाली आहे. डोळ्यातील गढूळ झालेले भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसविणे ही आता नित्याची गोष्ट आहे, आणि १९७६ पासून अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रमही आपल्या देशात चालत आला आहे. तरीही ज्यांची दृष्टी परत आणता येत नाही असे लोक आपल्या गावात, आपल्या घरात आहेत. त्यांना उपदेशापेक्षा कामाची अधिक गरज असते. अधू डोळ्यांच्या मुलाविषयी, तो मन लावून काम करतो काय एवढेच विचारणारा वडीलधारा माणूस आणि अंध अध्यापकाला वर्ग सोपविणारी संस्था, या दोहोंवाचून विनोदबिहारींचा धीर आपल्याला दिसलाच नसता. त्यांच्याविषयी आदर बाळगणाऱ्या प्रत्येकाने आपल्या शेजारच्या अशा एखाद्या माणसाला त्याच्या जोगे काम मिळवून द्यावे आणि ते करण्यास त्याला लागेल तेवढा वेळ द्यावा.