सातवीनंतर पोरीनं कुठं जायचं?

बचत गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. गावातली शाळा सातवीपर्यंत, पुढं पोरीला कुठं घालायचं? आपल्याच जिल्ह्यात हा प्रश्न पूर्वी कसा सोडवला, ते आज सांगते.

1831 साली अमेरिकन मराठी मिशननं नगरात काम सुरू केलं. 1839 मध्ये सिंथिया फरार ही बाई मुंबईहून नगरला आली आणि मुलींच्या शाळा चालवू लागली. तेव्हा लोक म्हणायचे, शिकलेली पोर विधवा होते. वर धर्म बाटण्याची धास्ती. ती धास्ती उगाच नव्हती, कारण मिशनला धर्मप्रसारही करायचा होता. तरीही काही घरांनी पोरी पाठवल्या. जोतिराव फुल्यांनी त्या शाळा पाहिल्या आणि 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही फरारबाईंकडे शिकवण्याचं शिक्षण घेतलं. फरारबाई 1862 मध्ये नगरातच वारल्या.

पण नगर शहर झालं, खेड्याचं काय? 1857 मध्ये सॅम्युअल फेअरबँक हे मिशनरी नेवासा तालुक्यातल्या वडाळ्याला, म्हणजे आपल्या वडाळा बहिरोबाला, राहायला गेले. आसपासच्या गावांत छोट्या शाळा निघाल्या. जिथं महार-मांगांच्या लेकरांना कुणी उंबऱ्याशी उभं करत नव्हतं, तिथं ती पाटीवर अक्षर गिरवू लागली.

गावच्या शाळेत लिहिणं-वाचणं आणि हिशेब यायचा. पुढचं शिकायला दूर जावं लागे. म्हणून बोर्डिंग आलं. राहायला जागा, दोन वेळची भाकरी आणि लक्ष ठेवणारं माणूस. 1899-1900 च्या दुष्काळात आईबाप गमावलेली कितीतरी लेकरं मिशनच्या बोर्डिंगांत आली, तिथंच वाढली, शिकली. गावची शाळा, मग बोर्डिंग, मग हायस्कूल अशी पायरीपायरीनं वाट तयार झाली. 1947 मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढलं, तेव्हा शेवटची पायरीही जिल्ह्यातच आली.

बायांनो, मधली एक पायरी निखळली की पोर तिथंच थांबते. आज बारावीपर्यंत मुलींना फी नाही. खेड्यातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला एसटीचा मोफत पास मिळतो. तरी पोरी गळतात. एसटी वेळेवर येत नाही, रस्त्यात अंधार पडतो, किंवा आईबाप ऊसतोडीला जातात आणि पोर पाळण्यातल्या भावाला सांभाळायला बरोबर जाते. पाथर्डी-शेवगावकडच्या बहिणींना हे सांगायला नको.

म्हणून तीन कामं करा. सातवीतल्या पोरींची यादी गटानं शाळा सुटायच्या आधीच करावी आणि कोण कुठं जाणार ते विचारावं. एसटीची वेळ जुळत नसेल तर एकटीनं न जाता गटाचा अर्ज घेऊन डेपोत जावं. आणि तोडीला जाणाऱ्या घरांसाठी हंगामी वसतिगृहाची मागणी दिवाळीच्या आत शाळेकडं लावावी. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायांच्या असतात. तिथं बसून नुसती सही करू नका, हा विषय काढा.

त्या काळी पोर पाठवणाऱ्या आयांना स्वतःला सही येत नव्हती. आपल्याला येते. येत्या बैठकीत पहिला विषय हाच घ्या.