परत दिलेला पंप वाटेत हरवला तर?

पिशोर भागात फवारणी पंप आता मोबाईलवरूनही मागवतात. बिघडका निघाला, परत दिला अन् वाटेत हरवला, तर नुकसान कुणाचं?

विक्रेत्यानं धाडलेला माणूस घरून पंप घेऊन गेला, तर पुढची जबाबदारी विक्रेत्याची. आपणच कुरिअरनं धाडला, तर पोहोचेपर्यंतची जोखीम बहुधा आपल्याच गळ्यात येते. म्हणून पंप देताना फोटो काढा, पावती घ्या, पैसे मिळेपर्यंत जपून ठेवा.

पैसे अडले तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या नियमांप्रमाणे त्यानं ४८ तासांत पोच अन् महिन्याभरात निवारण करायला हवं. नाही केलं तर १९१५ वर फोन लावा. ग्राहक आयोगातही दोन वर्षांच्या आत, आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते.

जमिनीला सातबारा, तशी या व्यवहाराला पावती!