मागून आणलेली मोटारसायकल

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मंचावर दरवर्षी संतांवर, इतिहासावर, नाहीतर मधुमेहावर बोललं जातं. यंदा आम्ही मोटारसायकल हा विषय दिला तेव्हा कार्यकारिणीतल्या एका काकांनी विचारलं, "गणपतीसमोर हे बोलायचं?" आम्ही म्हटलं, काका, दसऱ्याला आपण गाडी धुतो, हळदकुंकू लावतो, हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. त्याच गाडीच्या ब्रेकचे लायनर कधी पाहिले होते हे शंभरात किती जणांना सांगता येईल? काका हसले आणि विषय मंजूर झाला.

आम्ही म्हणजे रामपायलीचे दोघे भाऊ. थोरला राज्य शासनाच्या नोकरीत, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, तोच आता आपल्यासमोर उभा आहे. धाकटा गावी धानाची शेती पाहतो. आईच्या डोळ्यांचा उपचार सुरू झाला आणि तिला दर महिन्याला बालाघाटला नेणं आलं. थोरल्याची गाडी बदलीच्या गावी, धाकट्याकडे ट्रॅक्टर. बस मिळते, पण डोळ्यांत औषध घातलेल्या माणसाला उन्हात स्टँडवर किती वेळ बसवून ठेवायचं? तेव्हा आईनंच तिच्या थोरल्या भावाचं नाव काढलं. मामाजींची मोटारसायकल त्यांच्या सपरीत दोन पावसाळे उभी होती. मामाजींचे गुडघे गेले, त्यांना आता ती चालवता येत नाही. मागितल्याबरोबर त्यांनी किल्ली काढून दिली.

गाडी 2008 सालची स्प्लेंडर. 97.2 सीसी, चार गिअर, पुढे-मागे ड्रम ब्रेक. टाकीवर अजून 'हीरो होंडा' हे जोडनाव आहे. 1984 साली एकत्र आलेल्या या दोन कंपन्यांनी 2010 च्या डिसेंबरात वेगळं होण्याचं ठरवलं, आणि पुढच्या वर्षी नावही बदललं. त्यामुळे टाकी वाचली की गाडीचं वय विचारावं लागत नाही.

मामाजी व्यवस्थित माणूस. पोथ्यांच्या कपाटात गाडीची एक वही होती. तारीख, किलोमीटर, ऑइल, प्लग, टायर, सगळं बारीक अक्षरात. वही आणि गाडीचा मीटर समोरासमोर ठेवले तेव्हा कळलं की शेवटच्या नोंदीनंतर गाडी आणखी नऊ हजार किलोमीटर चालली आहे, आणि त्या नऊ हजारांत एकही नोंद नाही. ते मामीजींच्या आजारपणाचे दिवस. गोंदियाच्या फेऱ्या, कधी रात्री, कधी पावसात. त्या दिवसांत गाडीचं ऑइल बदलायचं कुणाला सुचणार? मामीजी गेल्या, गाडी सपरीत लागली ती लागलीच.

हे सांगायचं कारण असं की जुन्या गाडीचं दुर्लक्ष दोन प्रकारचं असतं आणि दोन्हींचे रोग वेगळे. न पाहता पळवलेल्या गाडीचं ऑइल काळं पडतं, चेन ताणते, ब्रेकचे लायनर झिजतात, केबलच्या तारा तुटायला लागतात. नुसत्या उभ्या राहिलेल्या गाडीचं पेट्रोल खराब होतं, टाकी आतून गंजते, टायरला चिरा पडतात, बॅटरी मरते. मामाजींच्या गाडीला दोन्ही झाले होते. म्हणून गाडी आणायला गेलात तर आधी मालकाशी बसून चहा घ्या आणि विचारा की शेवटी कधी चालली, कुठे चालली, काय बदललं. मिस्त्रीकडे जाण्याआधी अर्धं निदान तिथंच होतं. पण विचारताना आवाज सांभाळावा. "तुम्ही ऑइल का बदललं नाही?" असा प्रश्न आम्ही विचारला नाही. वही पाहिल्यावर तो विचारण्यासारखा राहिलाही नव्हता.

जवळच्या एका मोठ्या गॅरेजात गाडी दाखवली. त्यांनी किकही न मारता सांगितलं, इंजिन खोलावं लागेल, सोबत रंगही करून घ्या, नवी दिसेल. आम्ही गाडी परत आणली. इंजिन उघडायचं की नाही हे धुरावरून आणि आवाजावरून ठरवायचं असतं. निळा धूर सतत येत असेल तर ऑइल जळतं आहे असं समजावं. त्यासाठी गाडी आधी चालू तर व्हायला हवी! आणि रंग? मागच्या सीटवर आई बसणार, तिला रंगाचा काय उपयोग? आम्ही क्रम ठरवला: आधी गाडी थांबली पाहिजे, मग सरळ चालली पाहिजे, मग सुरू झाली पाहिजे. दिसण्याचं शेवटी.

तर ब्रेक. ड्रम ब्रेकमध्ये आतले दोन बूट फाकून ड्रमला घासतात. ते फाकवणारा कॅम ओलीनं गंजला की ब्रेक लागतो पण सुटत नाही, किंवा अर्धाच लागतो. मामाजींच्या गाडीचा मागचा कॅम असाच जाम होता. लायनरवर काचेसारखी चकाकी आली होती. बूट जोडीनं बदलले, कॅमला नावापुरतं ग्रीस लावलं. जास्त लावलं तर तेच लायनरवर उतरतं. तुमच्या गाडीचं चाक न खोलता पाहायचं असेल तर ड्रमच्या बाहेरच्या लिव्हरपाशी बहुधा एक छोटा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण पॅनेलवरच्या खुणेला टेकला की बूट संपले. खाली वाकून पाहायला दहा सेकंद पुरतात.

टायरकडे पाहताना आपण नक्षी पाहतो. मागच्या टायरची नक्षी चांगली होती, पण बाजूला नखभर चिरा होत्या. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 3415 म्हणजे 2015 सालचा चौतिसावा आठवडा. आमच्या टायरवर साधारण तसंच निघालं. दोन्ही टायर, दोन्ही ट्यूब नव्या घेतल्या, सगळ्या खर्चात मोठा खर्च हाच. हवेचा हिशेबही सांगून ठेवतो. या गाडीला पुढे 25 पीएसआय, मागे एकटा असेल तर 28, आणि मागे माणूस बसवायचा असेल तर 40. पंचरवाला विचारत नाही, दोन्हीकडे सारखी भरून देतो. आपण सांगायचं.

आई साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसते. त्यामुळे साडी गार्ड आणि पाय ठेवायची पट्टी या गोष्टी आमच्यासाठी इंजिनाइतक्याच महत्त्वाच्या. गार्डचा एक बोल्ट नव्हताच, तिथं तार गुंडाळली होती. आठ-दहा रुपयांचा बोल्ट. आमच्या खात्यात कामाची पाहणी करताना अशा तारा आधी शोधाव्या लागतात, त्या सवयीचा घरी उपयोग झाला.

चेन पूर्ण झाकणाच्या आत असते. झाकणाला खाली रबरी बूच असतं, ते काढून बोटानं चेन वरखाली करून पाहावी. दोन-तीन सेंटीमीटर हलली तर ठीक, आमची झाकणाला आपटत होती. चेन नवी घातली तर दोन्ही चक्रंही नवी घालावीत. जुन्या दात्यांवर नवी चेन लवकर मरते. हँडलची परीक्षाही सोपी आहे. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, पुढचं चाक उचला आणि हँडल हळू फिरवा. मध्ये कुठे खाच लागल्यासारखं वाटलं तर बेअरिंगच्या वाट्या खराब. आमच्या ठीक होत्या, फक्त ग्रीस वाळलं होतं.

आता सुरू करण्याचं. दोन वर्षं उभ्या गाडीला कुणीही आल्याआल्या किक मारतो, पोरांना तर राहवतच नाही. आम्ही प्लग काढला, सिलिंडरमध्ये चार थेंब ऑइल सोडलं आणि किल्ली बंद ठेवून हातानंच किक आठ-दहा वेळा हळूहळू फिरवली. मग जुनं ऑइल रात्रभर निथळू दिलं. निघालं ते डांबरासारखं. या इंजिनात कागदी फिल्टर नसतो, आत जाळी आणि गरगर फिरून गाळ बाजूला टाकणारी वाटी असते. ती या निमित्तानं साफ करून घ्यावी. नवं ऑइल 900 मिली. कारचं ऑइल घालू नये, कारण मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो आणि तो घसरायला लागतो. डब्यावर 'जासो एमए' लिहिलेलं पाहून घ्यावं. हे पहिलं ऑइल आम्ही पाचशे किलोमीटरलाच बदलून टाकलं. इतक्या गाळानंतर पहिल्या ऑइलकडून धुण्याचंच काम होतं.

टाकीतलं पेट्रोल काढलं तर वास वार्निशसारखा. आता आपल्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप त्यासाठी केलेले नाहीत. म्हणून पाइप बदलला, टाकी धुतली, कार्बोरेटर उघडला. त्यातल्या जेटचं भोक केसाएवढं. ते सुईनं किंवा तारेनं टोकरू नये, मोठं झालं की गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. क्लीनर आणि हवा एवढंच पुरतं. एअर फिल्टरचा डबा उघडला तेव्हा मात्र आम्ही दोघंही थबकलो. आत उंदरानं तणस, धानाचा कोंडा आणि मामीजींच्या शिलाईच्या चिंध्या भरून मऊ घर केलं होतं. चिंध्या मामाजींनी ओळखल्या आणि हातात घेऊन आत गेले. त्या दिवशी काम तिथंच थांबवलं.

बॅटरीचं एक वेगळंच आहे. या जुन्या गाड्यांचा स्पार्क आणि हेडलाइट बॅटरीवर नसतो, म्हणून बॅटरी मेली तरी गाडी सुरू होते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. पण हॉर्न, इंडिकेटर आणि मागचा ब्रेकचा दिवा तिच्यावरच असतो. धान वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या पुढे आपण अचानक ब्रेक मारला, तर मागच्याला कळणार कसं? बॅटरी बदलली.

तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. पांढरा धूर आला, पाच मिनिटांत गेला. निळा नव्हता. इंजिन आजतागायत उघडलेलं नाही.

आता कागदांचं. इथं आपल्यातल्या ज्येष्ठांनी जरा लक्ष द्यावं, कारण गाडी देणारे बहुधा तुम्ही असता. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. मामाजींनी 2023 मध्ये तेवढं करून ठेवलं होतं. विमा मात्र संपलेला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 146 प्रमाणे तिसऱ्या व्यक्तीचा विमा सक्तीचा आहे, आणि कलम 196 ची शिक्षा विनाविमा चालवणाऱ्याला आहे तशी चालवू देणाऱ्यालाही आहे. पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे भाच्याच्या चुकीत मामाही आले.

याहून महत्त्वाची गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. कर्नाटकातला एक माणूस मागून आणलेली हीरो होंडा घेऊन गावी निघाला होता, पुढची बैलगाडी अचानक थांबली आणि त्यात तो गेला. ते प्रकरण 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलं. न्यायालयानं म्हटलं की गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, म्हणून तेव्हाच्या कलम 163-अ खाली त्याच्या वारसांना त्या गाडीच्या विमा कंपनीकडून भरपाई मागता येत नाही. पॉलिसीत 15 लाखांचं अपघात संरक्षण असतं, तेही मालक-चालकाचं, म्हणजे ज्याच्या नावावर गाडी आहे त्याचं. गाडी मागून नेणारा बहुतेकदा घरातला कमावता असतो, आणि त्याच्या बायको-मुलांसाठी त्या कागदात काहीच नसू शकतं. म्हणून त्याचा स्वतःचा अपघात विमा हवा. निदान बँकेतली वर्षाला 20 रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तरी, 18 ते 70 वयापर्यंत कुणालाही, दोन लाखांची. आम्ही गाडीचा विमा मामाजींच्या नावे भरला, पीयूसी काढलं, आणि त्याच आठवड्यात धाकट्याचा अपघात विमा घेतला. त्याची बायको तेव्हापासून गाडीला नाव ठेवत नाही.

पैशाचं आधीच बोलून घेतलं होतं. झिजणाऱ्या वस्तू, म्हणजे टायर, ऑइल, बूट, चेन, वापरणाऱ्याच्या खर्चानं. गाडीच्या अंगचं मोठं काम निघालं तर मामाजींना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. काढलेला प्रत्येक जुना भाग पिशवीत घालून त्यांना दाखवला. काटकसरीत आयुष्य काढलेल्या माणसाला "टाकून दिला" हा शब्द लागतो. त्यांनी त्यातली जुनी चेन ठेवून घेतली. कशासाठी, ते सांगितलं नाही. गाडी कायमची तुमच्याच नावावर करून घ्या असंही त्यांनी एकदा म्हटलं. आईनं नको म्हटलं, आणि त्यात आम्ही दोघं पडलो नाही.

आपल्याकडे नाती दोन राज्यांत पसरलेली. 1956 साली भंडारा तिकडे गेला, बालाघाट इकडे राहिला, पण तुमसर-गोंदियाच्या लग्नाला एमपी 50 च्या गाड्या जातातच, आणि त्यातल्या बऱ्याच कुणाच्या तरी मागून आणलेल्या असतात. तेव्हा लग्नाला निघण्याआधी हवा, ब्रेकचा दिवा आणि विम्याची तारीख तेवढी पाहा.

आमच्या गाडीचं काम पूर्ण झालेलं नाही. पुढच्या शॉकअपची सीलं पाझरतात. तेल ब्रेकपर्यंत उतरत नाही ना, हे धाकटा दर रविवारी पाहतो. सीलं धान विकल्यावर बदलायची आहेत आणि तसं वहीत लिहिलंही आहे. नोंद आम्ही सांगतो, अक्षर मामाजींचं. टायरचे आकडे कसे वाचायचे किंवा ब्रेकचा बाण कुठे असतो हे कुणाला पाहायचं असेल तर गाडी मांडवाच्या मागे लावली आहे. आरती झाली की या, टॉर्च आणला आहे.

गणपती बाप्पा मोरया!