शरीरातील पहारेकरी
(विष्णुपुरी येथील पालक मेळाव्यातील भाषण)



मी काही विज्ञानाचा शिक्षक नव्हे. तरी या विषयावर बोलणे भाग पडले, कारण पालक वर्तमानपत्राचे कात्रण आणून विचारतात, "सर, नवे औषध निघाले म्हणे. मग पोराचे इन्सुलिन बंद करावे का?"

लहानपणी जडणारा हा मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही. आपल्या रक्तात टी-पेशी नावाचे पहारेकरी असतात. जंतूंवर तुटून पडावयाचे सोडून ते कधी स्वादुपिंडातील इन्सुलिन करणाऱ्या पेशींवरच उलटतात. अंगावरचे कोड हे बहुतेकदा याच जातीचे दुखणे. ते कुष्ठरोग नव्हे, स्पर्शाने लागतही नाही. सोयरीक मोडणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

मग सर्वांच्याच शरीरात असे का घडत नाही? जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ साली दाखवून दिले की, टी-पेशींतच इतरांना आवरणारी एक जात असते. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे गोदावरीचे पाणी जसे धरून ठेवतात, तसेच हे. त्या काळी पुष्कळ शास्त्रज्ञांना ते पटत नव्हते. २००१ साली मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांना यासंबंधीचे जनुक सापडले, आणि २०२५ साली तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. मध्ये तीस वर्षे गेली!

प्रतिपिंडाचे औषध टोचून या आवरणाऱ्या पेशींना जागे करावे, अशी कल्पना पुढे आली. मार्च २००६ मध्ये लंडनला असे एक औषध सहा निरोगी तरुणांना दिले. माकडांनी पाचशेपट मात्रा सुखरूप सोसली होती. इथे मात्र मारणाऱ्या पेशीच खवळल्या, आणि काही तासांतच सहाही जण अत्यवस्थ झाले. सुदैवाने सारे वाचले.

२०२२ साली अमेरिकेत टेप्लिझुमॅब या निराळ्या प्रतिपिंडास मान्यता मिळाली. चौदा दिवस रोज शिरेतून दिल्यास मधुमेह सुमारे दोन वर्षे लांबतो. तोही आजार पुरता प्रकट होण्यापूर्वी दिल्यास. ज्याचे इन्सुलिन सुरू आहे, त्याचे ते याने सुटत नाही. बंद केले तर थोड्याच दिवसांत जिवावर बेतते. रमजानमध्येही हेच. आजाऱ्याला रोज्याची सवलत धर्मानेच दिली आहे. पोराच्या हट्टापुढे नमू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

कात्रण मात्र जरूर आणा. इथल्या शासकीय रुग्णालयात ते दाखवायला मी तुमच्याबरोबर येईन.