मांजराची नखे



मांजराच्या नखांवर व्याख्यान म्हटल्यावर विषय क्षुल्लक आहे असे काहींना वाटेल. पण ज्यांच्या घरात मांजरही आहे आणि नवा सोफाही आहे, त्यांना तसे वाटणार नाही!

या तंट्यावर अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक उपाय रूढ झाला. मांजराला पशुवैद्याकडे न्यावे, भूल द्यावी आणि पुढच्या पायांची नखे कायमची काढून टाकावीत. मराठीत 'नखे काढली' म्हणजे नखे कापली, एवढाच अर्थ आपण घेतो. येथे तो अर्थ चालत नाही. मांजराचे नख बोटाच्या अगदी शेवटच्या हाडातून उगवते. ते पुन्हा उगवू नये म्हणून ते हाडच छाटावे लागते. मांजराच्या पुढच्या दोन्ही पायांना मिळून दहा बोटे असतात. म्हणजे आपल्या दहाही बोटांची शेवटची पेरे कापावीत, तसलाच हा प्रकार होय. त्यातून मांजर हे बोटांवर चालणारे जनावर!

मग मांजर ओरखडते तरी का? खोडी म्हणून खास नव्हे. ओरखडल्याने नखावरचे जुने कवच गळते, पाठीचे व खांद्याचे स्नायू ताणले जातात आणि पंजातील ग्रंथींचा वास तेथे राहून 'ही जागा माझी' अशी खूण होते. ही त्याची रोजची गरज आहे.

या शस्त्रक्रियेचे समर्थक म्हणतात, नखे ठेवली तर मालक मांजराला घराबाहेर घालवील. त्यापेक्षा नखे गेलेली बरी. हा मुद्दा उडवून लावण्याजोगा नाही. पण पुढे काय होते तेही पाहावे. पंजे दुखत राहिल्याने काही मांजरे वाळूच्या पेटीत जाईनाशी होतात, घरात घाण करतात. नखांचा आधार गेल्यामुळे काही चावू लागतात. म्हणजे सोफा वाचतो, पण मांजराला घालवण्याचे नवे कारण मिळते. आणि ते बाहेर पडलेच, तर झाडावर चढण्याचे व झुंजण्याचे साधन आपण आधीच हिरावून घेतलेले असते.

ब्रिटनमध्ये २००६ च्या प्राणिकल्याण कायद्याने या गोष्टीस मज्जाव झाला. इस्रायलने २०११ मध्ये बंदी घातली. अमेरिकेत न्यूयॉर्क हे बंदी घालणारे पहिले राज्य, तेही २०१९ मध्ये. मेरीलँडने २०२२ मध्ये तोच मार्ग धरला. देशभर लागू होणारी बंदी तेथे अद्याप नाही. आपल्याकडे प्राण्यांच्या छळाविरुद्ध १९६० साली झालेल्या कायद्यात अंगविच्छेद हा अपराध गणला आहे. परंतु कायदा हात धरतो, सोफा वाचवीत नाही. ते काम गृहस्थानेच करावयाचे आहे, आणि ते अवघड नाही.

सुमारे तीन फूट उंचीचा, न डगमगणारा एक खांब घ्यावा आणि त्याला सुंभ घट्ट गुंडाळावा. मांजराला पूर्ण ताणून उभे राहता आले पाहिजे. खांब हलला की ते पुन्हा त्याच्याकडे फिरकत नाही. तो अडगळीत न ठेवता सोफ्याजवळच किंवा मांजर झोपते तेथे ठेवावा, कारण झोपून उठल्यावर त्याला प्रथम ओरखडावेसे वाटते. काही मांजरांना आडवी जागा आवडते. त्यांना जमिनीवर गोणपाट पुरते. खांबाला नखे लावली की लगेच खाऊ द्यावा. सोफ्याच्या कोपऱ्यांना काही दिवस दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावावी. दोन-तीन आठवड्यांनी नखांची फक्त टोके कापावीत. आतला गुलाबी भाग जिवंत असतो, त्याला धक्का लावू नये. मारू मात्र नये. माराने मांजर ओरखडणे सोडत नाही, आपल्याला भिऊ लागते.

मांजर घरात आणले म्हणजे त्याची नखेही आणली. तो जीव आपल्याला हवा असेल, तर त्याच्या नखांना घरात हातभर जागा देणे हे आपले कर्तव्य ठरते.