फळ्यापलीकडचा वर्ग

फळ्यावर लिहिलेले अक्षर तास संपताच पुसले जाते, आणि त्या दिवशी जे मूल शाळेत आले नाही त्याच्या दृष्टीने ते कधी लिहिलेच गेले नव्हते. अनुपस्थितीचा विचार हजेरीपटाच्या अंगाने पुष्कळ होतो. परंतु चार दिवसांनी वर्गात पाऊल टाकणाऱ्या मुलाला फळ्यावर काय दिसत असेल, याचा विचार बहुधा त्या वर्गाच्या शिक्षकालाच करावा लागतो. अपूर्णांकांची बेरीज चालू असते. समच्छेद म्हणजे काय, हे दोन दिवसांपूर्वी सांगून झालेले असते. मूल शेजारच्या वहीत डोकावते, उतरवून घेते, आणि उतरवून घेणे म्हणजेच शिकणे अशी स्वतःची समजूत घालते. वर्गाच्या संकेतस्थळाचा विषय खरे म्हणजे येथून सुरू होतो. संगणकापासून तो सुरू केला की तो भरकटतो.

बंगळूरच्या उत्तर अंगास, विमानतळाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर हेब्बाळ लागते. जुना तलाव आणि कृषिविद्यापीठाची शेते यांमुळे पूर्वी ओळखला जाणारा हा परिसर आता उड्डाणपुलावरील वाहनांच्या गर्दीमुळे आणि भोवतीच्या संगणक-उद्योगांच्या उंच इमारतींमुळे अधिक परिचित झाला आहे. अशा इमारती उभारणारे हात बंगळुरात दुरून आलेले असतात. कोणी रायचूर-यादगीरकडचे, कोणी आंध्रातले, कोणी बिहार-बंगालमधले. घरात तेलुगू, उर्दू, तमिळ, हिंदी, क्वचित बिदर-बेळगावकडची मराठी. शाळेत मात्र कन्नड किंवा इंग्रजी. काम संपले की बिऱ्हाड हलते. सुगीच्या दिवसांत आजोळी जावे लागते. धाकट्या भावंडाला ताप आला की थोरलीला घरी बसावे लागते. अशा वर्गात गैरहजेरीला आळस म्हणणे अन्यायाचे होय.

या परिसरातील एखाद्या शिक्षिकेने आपल्या वर्गासाठी संकेतस्थळ उभारावयाचे ठरविले, तर तिने प्रथम कोणाचा चेहरा डोळ्यांपुढे आणावा? बहुतेक शालेय संकेतस्थळे पाहिली असता असे वाटते की, त्यांच्या कर्त्यांच्या डोळ्यांपुढे तपासणीसाठी येणारे अधिकारी उभे होते. वर हार घातलेल्या पाहुण्यांची छायाचित्रे, मध्ये सरकणारी रंगीत अक्षरे, खाली भेट देणाऱ्यांची मोजदाद. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांच्या अनेक उत्साही शिक्षकांनी स्वतःची संकेतस्थळे काढली, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु त्यांतील कित्येकांवर शासननिर्णय, वेतनश्रेणीची कोष्टके आणि रजेच्या अर्जांचे नमुने यांचीच दाटी झाली. शिक्षकांना ती उपयोगी पडली, यात संशय नाही. मुलाला मात्र तेथे बसावयास जागा नव्हती.

आता हे मूल संकेतस्थळापर्यंत पोहोचते कसे, ते पाहू गेल्यास पुष्कळ गोष्टी आपोआप ठरतात. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीत २०२१ साली ग्रामीण भारतातील शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे आढळले. २०१८ मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होते. वाढ डोळ्यांत भरण्याजोगी खरी; परंतु त्याच पाहणीने असेही दाखविले की, ज्यांच्या घरी फोन होता त्यांतील २६.१ टक्के मुलांच्या हाती तो कधी पडतच नव्हता. ही आकडेवारी खेड्यांतली असली, तरी शहरातील एका खोलीच्या बिऱ्हाडात चित्र फारसे निराळे नसावे. फोन वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री परततो. कर्नाटक शासनाने २०२० च्या महासाथीत 'विद्यागम' ही योजना आखली, तेव्हा मुलांचे गट पाडताना मुळात हाच निकष लावला होता : घरी फोनच नाही अशी मुले, साधा फोन असलेली मुले आणि इंटरनेटचा फोन असलेली मुले. शिक्षिकेनेही आपल्या वर्गाची अशी एक यादी पहिल्या आठवड्यातच करावी. ती वाचून तिचे निम्मे बेत बदलतील.

उदाहरणार्थ, चलच्चित्रांचा मोह सुटेल. चांगल्या फोनवर काढलेले फळ्याचे एक छायाचित्र सहज साडेतीन मेगाबाइटचे भरते. उलट बोललेला आवाज सेकंदाला बत्तीस किलोबिट या साध्या प्रमाणात साठविला, तर एका मिनिटाला जेमतेम पाव मेगाबाइटदेखील लागत नाही. म्हणजे एका छायाचित्राच्या मोलात शिक्षिकेचे चौदा-पंधरा मिनिटांचे बोलणे मुलापर्यंत पोहोचते. छायाचित्र घालावयाचेच असेल तर ते लहान करून घालावे. फळ्यावरची अक्षरे वाचता आली म्हणजे झाले. महिन्याच्या शेवटी ज्या घरात फोनचा भरणा संपत आलेला असतो, त्या घरासाठी हा हिशेब क्षुल्लक नाही.

आवाजाला आणखी एक मोल आहे. शाळेची सूचना कन्नडमध्ये लिहून पाठविली, तर ती वाचू न शकणाऱ्या आईसाठी ते कोरे पान असते. तीच सूचना कन्नडमध्ये व त्यापाठोपाठ तेलुगूत किंवा उर्दूत वीस-पंचवीस सेकंदांत बोलून ठेवली, तर तिला ती समजते. शिक्षिकेला या साऱ्या भाषा यावयास हव्यात असे नाही. वर्गातील पालकांपैकीच कोणीतरी सांगावयास तयार असतो, आणि ज्या पालकाचा आवाज वर्गाच्या संकेतस्थळावर ऐकू येतो तो पालक शाळेला एकदम जवळचा होतो.

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीस आलेली होती. मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तके मराठी, म्हणजे हेब्बाळच्या अडचणीचीच ही उलटी बाजू. डिसले यांनी पाठ्यपुस्तकांतील मजकूर मुलांच्या भाषेत आणला आणि पुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोडचे काळेपांढरे चौकोन छापले. फोन त्यावर धरला की त्या धड्याची ध्वनिमुद्रित कविता, गोष्ट किंवा स्वाध्याय उघडत असे. हा चौकोन १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह या कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी शोधला गेला होता, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. डिसले यांना २०२० चे दहा लक्ष डॉलरांचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले व त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, ही हकीकत सर्वज्ञात आहे. तीहून शिकण्याजोगी गोष्ट साधी आहे. त्यांनी मुलाला संकेतस्थळाचा पत्ता शोधावयास लावले नाही; मुलाच्या हातात जे पुस्तक रोज असते त्याच्याच पानावर दार ठेवले. हेब्बाळच्या शिक्षिकेला पुस्तके छापून घेता येणार नाहीत. परंतु एका कागदावर चाळीस चौकोन छापून ते वह्यांच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस चिकटविण्यास किती पैसे पडतात?

दाराच्या आत काय असावे? आजची तारीख, आज काय शिकविले ते चार ओळींत, गृहपाठ आणि एक ध्वनिफीत, एवढे वरच्या बाजूस असले की पुरे. जुने सारे पाठ्यपुस्तकातील धड्यांच्या क्रमाने खाली लावावे, महिन्यांच्या क्रमाने नव्हे. कारण मुलाला धडा आठवतो, महिना आठवत नाही. सजावटीची चिंता करू नये. पुण्याच्या 'आयुका'तील मुलांच्या विज्ञानकेंद्रात अनेक वर्षे काम केलेल्या अरविंद गुप्ता यांचे संकेतस्थळ दिसावयास अगदी साधे. पण टाकाऊ वस्तूंतून खेळणी कशी करावी हे दाखविणारी चित्रे आणि अनेक भाषांतील पुस्तके तेथे विनामूल्य मांडलेली असल्यामुळे देशभरातील शिक्षक त्याकडे वळत आले. सजावटीवाचून त्यांचे काही अडले नाही.

प्रत्येक गोष्ट शिक्षिकेने स्वतःच तयार केली पाहिजे, असाही हट्ट नसावा. बंगळुरातच २०११ पासून विषयशिक्षकांचे मंच उभे राहिले. 'आयटी फॉर चेंज' ही संस्था आणि राज्याचा शिक्षक-प्रशिक्षण विभाग यांच्या या उपक्रमातून पुढे 'कर्नाटक मुक्त शैक्षणिक साधने' हे संकेतस्थळ वाढले. तेथील पाठ शिक्षकांनीच कन्नड व इंग्रजीत लिहिले, एकमेकांचे सुधारले, आणि कोणीही उचलून वापरावेत अशा परवान्याखाली ठेवले. केंद्राचे 'दीक्षा' हे व्यासपीठही २०१७ पासून आहे. अशा भांडारातील नेमका तुकडा निवडून 'आज एवढेच पाहा' असे मुलाला सांगणे, हेच शिक्षिकेचे खरे काम. भांडाराला तिच्या वर्गातील कोणत्या मुलाला समच्छेद कळलेला नाही हे ठाऊक नसते.

लिपीसंबंधीही एक सूचना करणे अवश्य आहे. मराठी शाळांतून कित्येक वर्षे जुन्या टंकांत प्रश्नपत्रिका टंकलिखित होत. तो टंक ज्या संगणकावर नसे तेथे त्या प्रश्नपत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसे. परिश्रमाने केलेली किती कामे अशी वाया गेली याची गणती नाही. युनिकोडमध्ये देवनागरीला आणि कन्नडला १९९१ मध्येच स्थान मिळाले होते. तरी जुनी सवय पुढे बराच काळ सुटली नाही. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर कोणत्याही फोनवर उघडतो, शोधता येतो आणि वाचून दाखविण्याची सोय असलेल्या फोनवर ऐकताही येतो. तेव्हा मजकुराचे छायाचित्र काढून टाकण्यापेक्षा मजकूरच लिहावा.

आता ज्या बाबतीत शिक्षक सर्वांत अधिक निष्काळजी असतात ती गोष्ट. मुलांची नावे, चेहरे, गुण आणि घरचे पत्ते संकेतस्थळावर ठेवण्याचे काहीएक प्रयोजन नसते. पहिल्या क्रमांकाचे छायाचित्र कौतुकाने लावले जाते. त्याच यादीत शेवटी असलेल्या मुलाचे नावही साऱ्या जगाला दिसते, आणि ते पुसले तरी त्याच्या नकला कोठे कोठे उरतात हे कोणाला सांगता येत नाही. २०२३ च्या व्यक्तिगत विदासंरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना उद्देशून जाहिराती दाखविण्यास मनाई केली आहे. फुकट मिळणाऱ्या जागांवर जाहिराती कोठून येतात, हे म्हणूनच आधी पाहून घ्यावे. मुलांचे काम दाखवावयाचे असेल तर वहीचे पान दाखवावे, नाव झाकून.

राहिला टिकाऊपणाचा प्रश्न. २०१८ मध्ये हेब्बाळात एक शिलालेख उजेडात आला. गंगवंशीय श्रीपुरुष राजाच्या काळातील, सुमारे इसवी सन ७५० चा हा कन्नड लेख लढाईत पडलेल्या कित्तय्या नावाच्या वीराचा आहे, आणि त्यात या परिसराचे प्राचीन नाव आढळते. साडेबाराशे वर्षे टिकलेली ही शिळाही शहराच्या वाढीत नाहीशी होऊ शकली असती. बंगळूरच्या 'मिथिक सोसायटी'ने २०२१ पासून अशा शिलालेखांच्या त्रिमितीय प्रतिमा घेण्याचे काम हाती घेतले, ते याच भीतीपोटी. दगडाची ही कथा, तर संकेतस्थळाची काय असणार? जिओसिटीज या एकेकाळच्या अफाट पसाऱ्याची दारे २००९ मध्ये बंद झाली आणि त्याबरोबर असंख्य हौशी लोकांची पाने गेली.

शाळेत हे संकट निराळ्या वाटेने येते. शिक्षिकेची बदली होते, संकेतस्थळाची किल्ली तिच्या खासगी खात्यात अडकलेली असते, नवे शिक्षक नवे काही सुरू करतात किंवा करीत नाहीत. म्हणून खाते आरंभापासून शाळेच्या नावाने उघडावे, परवलीचा शब्द मुख्याध्यापकांच्या कपाटातील बंद पाकिटात ठेवावा, आणि दर सत्राअखेर सर्व मजकुराची एक प्रत वेगळ्या साठवणीत उतरवून घ्यावी. ज्या मुलांच्या घरी फोन नाही त्यांच्यासाठी आठवड्याचे पान छापून शाळेच्या फाटकाजवळच्या फलकावर लावावे, तेही मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. ते लावण्याचे काम सातवीतील मुले आनंदाने करतात.